जेवणाच्या सुटीतली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या पाठीवरचे नाव इतके झिजले आहे, की मला हातात घेणारे आधी डोळे बारीक करून बघतात आणि मग नाद सोडून सरळ पहिले पान उघडतात. वाचनालयात सगळे मला 'नावाड्याचे पुस्तक' म्हणत. खरे नावही चांगले होते, पण हाकेला ओ द्यावी असे वाटते ते याच नावाने.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. तेव्हा उलट्या अक्षराचा शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून ओळी जुळवत. ते काम करणारे एक आजोबा होते. त्यांना उलटी अक्षरे सुलट्यांपेक्षा भरभर वाचता येत. एरवी ते काय जुळवत आहेत याकडे त्यांचे लक्ष नसे. लग्नाची पत्रिका काय आणि औषधाची जाहिरात काय, त्यांना सारखेच. पण माझे तेरावे प्रकरण जुळवताना त्यांचा हात थांबला. शेजारचा माणूस म्हणाला, "काय झालं?" आजोबा म्हणाले, "थांब रे जरा. पुढे काय होतं ते वाचून घेऊ दे." त्या दिवशी काम मागे पडले आणि आजोबांना बोलणी बसली. मला मात्र आपण कुणालातरी हव्या आहोत, हे तेव्हा पहिल्यांदा कळले.

माझ्या पोटात काय गोष्ट आहे ते थोडक्यात सांगते. एका मोठ्या तळ्याकाठी एक गाव असते. तळ्यापलीकडे एक बाई एकटीच राहते, मुळ्या-पाने गोळा करते, कुणात मिसळत नाही. एका थंडीत गावातले एक लहान मूल नाहीसे होते, आणि सगळा संशय त्या बाईवर जातो. फक्त नावाड्याला माहीत असते, की त्या संध्याकाळी ती बाई त्याच्याच घरात, त्याच्या आजारी बायकोच्या उशाशी बसून होती. पण हे बोलायचे म्हणजे गावाला अंगावर घ्यायचे. मग त्याच्या नावेत कोण बसणार? शेवटी तो भर सभेत उठून खरे सांगतो, आणि पुढचा सगळा हिवाळा त्याची नाव रिकामी राहते. त्यानंतर त्या हरवलेल्या मुलाची आई स्वतः तळे ओलांडून त्या बाईच्या दारात जाते. "तुझी चूल पेटली आहे का ते बघायला आले," एवढेच म्हणते आणि तिच्याजवळ बसून राहते.

एवढीच गोष्ट. लढाई नाही, राजवाडा नाही. तरी वाचनालयात मी फळीवर फारशी कधी टिकले नाही. कुणी मला बागेत नेले, कुणी दवाखान्याच्या बाकावर. वाचणारे माझ्या समासात लिहूनही ठेवत. तेराव्या प्रकरणात कुणीतरी शाईने लिहिले होते, 'एवढे धाडस कुणात असते?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'माझ्यात नाही.' आणि त्याखाली पेन्सिलीने, 'तुम्हाला विचारलंय कुणी?' ग्रंथपालबाई असले लिहिणाऱ्यांवर फार चिडत, पण हे तीन शेरे त्यांनी कधी खोडले नाहीत.

एके दिवशी मला काजताईने घरी नेले. ती शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यात कामाला होती. शर्टाच्या बटणांसाठी जी भोके असतात त्यांना काज म्हणतात. ती काजे करायच्या यंत्रावर बसे, म्हणून तिथे तिला सगळ्या काजताई म्हणत. बोलायला कमी आणि वाचायला अधाशी अशी ती होती. डबा खाताना माझ्यात डोके घालून बसे. शेजारच्या बटणवालीला ते बघवेना. ती म्हणाली, "एकटीच काय गिळतेस? मोठ्यानं वाच की. आम्हालाही कान आहेत."

तेव्हापासून जेवणाच्या सुटीत नऊ बायका इस्त्रीच्या टेबलाभोवती जमू लागल्या आणि काजताई मला मोठ्याने वाचू लागली. इस्त्रीचे टेबल निवडले ते इस्त्रीवाल्या मावशींसाठी. मावशी वयाने सगळ्यांत मोठ्या. बावीस वर्षे त्या त्याच टेबलाशी उभ्या होत्या. त्यांच्या चष्म्याच्या काचा बरणीच्या बुडासारख्या जाड होत्या, आणि तरी त्यांना छापील अक्षर दिसत नसे. ऐकताना त्या मधेच हटकत. नावाडी दिवसभर नाव वल्हवून घरी आला, की विचारत, "जेवला का तो?"

"मावशी, ते पुस्तकात दिलेलं नाही."

"लिहिणाऱ्यानं विचारायला नको? दमून आलाय माणूस."

मग सगळ्या हसत. सुपरवायझर दारातून मनगटावरचे घड्याळ दाखवी. तो दिवसातून शंभर वेळा घड्याळ बघे, म्हणून त्याचे नाव घड्याळराव पडले होते. स्वभावाने तो वाईट नव्हता. मालकाच्या धाकाने मात्र तो अर्धा झाला होता.

त्या दिवशी बारावे प्रकरण संपले. नावाडी सभेत शेवटच्या रांगेत बसला आहे, गावप्रमुख विचारतो आहे, 'कुणाला काही सांगायचे आहे का?' आणि तेवढ्यात कारखान्याची घंटा झाली. बायका हळहळत यंत्रांकडे गेल्या. मी टेबलाच्या कडेलाच राहिले. मावशींनी इस्त्री उचलली. ती वाफेची इस्त्री होती. बॉयलरपासून एक लांब रबरी नळी तिच्यापर्यंत येत असे. त्या नळीतून आठ दिवसांपासून फसफस आवाज येत होता. मावशींनी घड्याळरावला तीनदा सांगितले होते. तो दर वेळी म्हणे, "ऑर्डर जाऊ द्या, मग बघू."

नळी फुटली. पांढऱ्या वाफेत मला काही दिसले नाही, फक्त मावशींचा आवाज ऐकू आला. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. माझ्यावरही वाफ आली, पाने भिजून फुगली, पाठीचा डिंक सुटला. पण त्या वेळी माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, आणि ते योग्यच होते. बायकांनी मावशींना उचलून दवाखान्यात नेले. काजताईने जाता जाता मला पिशवीत टाकले, ते निव्वळ सवयीने.

दोन दिवसांनी घड्याळरावने एक टाइप केलेला कागद कापड कापायच्या टेबलावर ठेवला. 'वाफेची नळी सुस्थितीत होती. सदर अपघात कामगार महिलेच्या निष्काळजीपणामुळे घडला.' खाली सह्यांसाठी जागा.

"परवा मालक येणार आहेत," तो कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाला. "तोवर सगळ्यांच्या सह्या हव्यात."

मित्रांनो, तो कागद पुरा झाला असता तर मावशींचे काम गेले असतेच. पण बावीस वर्षांत ज्यांनी एक शर्ट जाळला नव्हता, त्यांच्या नावाला 'निष्काळजी' हा शब्द कायमचा चिकटला असता. हे सगळ्यांना कळत होते. तरी संध्याकाळपर्यंत पाच जणींनी सह्या केल्या. बटणवालीने सही केली आणि नंतर दिवसभर तिच्या हातून दोरा तुटत राहिला. काजताई म्हणाली, "मी उद्या सांगते."

त्या संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ घरी आला. तो त्याच कारखान्यात मेकॅनिक होता. काजताई वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तो तिच्यासमोर बसला, दोन शेंगा उचलल्या आणि तशाच खाली ठेवल्या.

"ताई, तू सही केली नाहीस म्हणे."

"नाही केली."

"करून टाक. मोकळी हो."

"नळी गळत होती ते तुला माहीत होतं ना?"

त्याने एक शेंग मोडली. मग म्हणाला, "मी बदलायला गेलो होतो. घड्याळराव म्हणाले, आता बॉयलर बंद केला तर ऑर्डर चुकेल. तू फक्त तपासली म्हणून सही कर. मी केली. रजिस्टरवर माझी सही आहे, ताई. तू तोंड उघडलंस तर पहिला मी मरतो."

"असं काय बोलतोस?"

"मग कसं बोलू? लहानपणी मी काच फोडली की तूच म्हणायचीस, माझ्या हातून फुटली. आता एका सहीचं ओझं झालं?"

तो न जेवता गेला. तिने उरलेल्या शेंगा सोलल्या, पण दाणे सालांच्या ढिगात आणि साले भांड्यात पडत होती. तिच्या सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी भांडे ओढून घेतले आणि निवडून दिले.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती मला घेऊन मावशींच्या खोलीवर गेली. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला. काजताई त्यांच्यासमोर टेकली. मावशीच म्हणाल्या, "ते राहू दे सगळं. तो नावाडी बोलला का नाही, ते आधी सांग."

काजताईने माझी फुगलेली पाने जपून सोडवली आणि तेरावे प्रकरण वाचायला घेतले. हे प्रकरण मी किती जणांकडून ऐकले आहे त्याला गणती नाही. तरी दर वेळी नावाडी उठण्याआधीच्या ओळीला माझा जीव टांगणीला लागतो. या वेळी तो बसूनच राहिला तर, असे वाटते. तो उठला. बोलला. त्याची नाव रिकामी झाली. काजताई मधे कुठेही थांबली नाही.

मावशी म्हणाल्या, "बिचारा. घरी गेल्यावर बायकोनं काही विचारलं असेल का त्याला?"

"मावशी," काजताई म्हणाली, "कारखान्यात एक कागद फिरतोय."

"माहीत आहे मला. बटणवाली येऊन रडून गेली." मावशींनी डाव्या हाताने चष्मा पुसला. "तू सही करून टाक. माझं काय, आज ना उद्या घरी बसायचंच आहे. तुझ्या भावाला काही होऊ देऊ नकोस. त्या पोरानं दोनदा येऊन नळीला कापड गुंडाळून दिलं होतं. मला म्हणाला, मावशी, जरा लांबून धरा. घाबरलेला होता गं तो."

काजताई माझी फुगलेली पाने पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. मला वाटते, मावशी तिच्यावर रागावल्या असत्या, तर तिला ते सोपे गेले असते. ज्यांचा हात भाजला त्याच तिच्या भावाची काळजी करत होत्या. ती निघाली तेव्हा मावशींनी विचारले, "उद्या पुढचं वाचशील ना?" ती म्हणाली, "वाचीन."

मालक सकाळी आले. पांढऱ्या केसांचे, घाईत असलेले गृहस्थ. घड्याळरावने कागद पुढे केला आणि काजताईला पेन दिले. मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. तिने पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"मला सही करता येणार नाही," ती म्हणाली.

मालकांनी वर बघितले. "का?"

"हे खोटं आहे, साहेब. नळी आठ दिवस गळत होती. मावशींनी तीनदा सांगितलं, मी स्वतः ऐकलं." तिने कागद परत सरकवला. "नळी तपासली म्हणून रजिस्टरवर ज्याची सही आहे, तो माझा सख्खा भाऊ. न बदलता सही केली, हे त्याचं चुकलंच. पण बदलू नकोस असं त्याला सांगितलं होतं, तेही लिहा. सगळं त्या एकट्याच्या माथी मारू नका. आणि मावशींच्या तर नाहीच नाही."

यंत्रे एकेक करून थांबली होती. काजताईचा भाऊ बॉयलरपाशी उभा होता. त्याने तिच्याकडे एकदा बघितले आणि बाहेर निघून गेला. नावाडी उठला तेव्हा गावाने काय केले ते मी हजारदा सांगितले आहे, पण खरे माणूस उठल्यावर खोली किती शांत होते, ते मला त्या दिवशी कळले.

मग बटणवाली पुढे आली. तिचे डोळे आधीच भरले होते. "मी परवा सही केलीये. ती खोडायची आहे मला. द्या ते पेन."

तिच्यामागून आणखी एक आली. तिघींनी सही तशीच ठेवली. त्यांना मी नावे ठेवणार नाही. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, आणि दुसरीला आठच दिवसांपूर्वी काम लागले होते. मालकांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "आधी ती नळी बदला."

एवढेच झाले. टाळ्या पडल्या नाहीत, की कुणी माफी मागितली नाही. मावशींना काढले नाही. दोन महिन्यांनी त्या परत आल्या आणि शर्टाच्या घड्या घालण्याच्या टेबलावर बसू लागल्या. त्यांची दोन बोटे पुढे कधी नीट मिटली नाहीत. काजताईला काजांच्या यंत्रावरून उठवून कोपऱ्यात दोरे कापायला बसवले. तिथे खिडकी नव्हती. भावाला लेखी समज मिळाली आणि दुसऱ्या शाखेत पाठवले. पाच महिने त्याने ताईच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

मला भिजलेली बघून ग्रंथपालबाई आधी खूप रागावल्या. मग सगळे ऐकल्यावर म्हणाल्या, "खराब तुझ्याकडे झाली, तर बरीही तूच कर." काजताईने एकेक पान सुटे करून वाळवले आणि जाड सुईने माझी पाठ शिवली. बाईंनी तपासून विचारले, "दोरा कसला घातलास?" ती म्हणाली, "काजाचा. शर्ट फाटेल, पण हा तुटायचा नाही." पुढेही ती मला पुन्हा पुन्हा नेत राहिली, कारण मावशींना गोष्ट पहिल्यापासून ऐकायची होती.

जेवणाच्या सुटीत वाचन परत सुरू झाले. घड्याळरावाजवळ मात्र आता कुणी बसत नव्हते. तो यंत्रांच्या सुट्या भागांच्या खोलीत एकटाच डबा उघडे आणि बंद करी. बायकांना त्यात समाधान वाटत होते. खरे सांगते, थोडेसे मलाही. काजताईचेही त्याच्याबद्दल मन साफ नव्हते. पण एकदा, मुलाची आई तळे ओलांडून जाते ते प्रकरण वाचून झाल्यावर, ती मला काखेत मारून, डबा उचलून उठली आणि "मला मेलीलाच काय पडलंय," असे पुटपुटत त्या खोलीत गेली.

"बसू का इथे?" तिने विचारले.

त्याने स्टुलावरचे सामान घाईघाईने उचलले. दोघांनी डबे उघडले. मग तो म्हणाला, "ती नळी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मावशींना एकदा भेटायचं मनात येतं. पण कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं जा," काजताई म्हणाली. "त्या ओरडणार नाहीत. जेवलास का, असं विचारतील. तेच जड जाईल तुम्हाला."

तो गेला की नाही, ते मला पाहता आले नाही. पण पुढच्या आठवड्यापासून मावशींच्या खुर्चीवर एक उशी दिसू लागली, आणि ती कुणी आणली हे मावशींनी कुणाला सांगितले नाही.

भाऊ आला तो एका सुटीच्या दुपारी. मी काजताईच्या खिडकीत ऊन खात पडले होते. तो दारात उभा, हातात पान्हा.

"तुमच्या मोरीतला नळ गळतोय, असं ऐकलं."

"कुणाकडून?"

"ऐकलं."

नळ गळत नव्हता. तरी तो तासभर मोरीत खुडबुड करत बसला. काजताईने ताट वाढले. दोन घास खाल्ल्यावर तो म्हणाला, "तिकडे मी नळी तपासल्याशिवाय सही करत नाही. ओरडतात सगळे." ती म्हणाली, "ओरडू देत," आणि त्याला आणखी वाढले.

पुढे काजताईने गाव बदलले आणि आमची ताटातूट झाली. वाचनालयात येणारे कमी होत गेले. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या. नव्या कपाटात जाड जाड परीक्षेची पुस्तके आली आणि मला जिन्याखालच्या खोक्यात टाकले. तिथे कसर लागली. माझ्या अठ्ठाविसाव्या पानाला भोके आहेत ती तेव्हाची. कपाळावर 'रद्द' असा शिक्काही बसला. किती वर्षे गेली ते अंधारात कळले नाही. मग तुमच्या शाळेतल्या बाई जुनी पुस्तके न्यायला आल्या, आणि मी तुमच्या वर्गाच्या कोपऱ्यातल्या फळीवर आले.

परवा तुमच्यापैकी कुणीतरी बाईंना विचारले, "असं खरंच कुणी वागतं का?" मी ऐकत होते. फळीवरून ओरडून सांगता आले असते तर सांगितले असते. आता सांगितले.

माझी मागणी फार नाही. पाने ओल्या हाताने उलटू नका, खुणेसाठी कोपरे दुमडू नका, मला खोक्यात टाकू नका. आणि कधीतरी मला घरी न्या. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कुणीतरी असेल, ज्यांना आता अक्षर दिसत नाही. त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. मनात वाचताना माणूस घाबरट पात्रावर चिडतो आणि धीट पात्राला शाबासकी देऊन मोकळा होतो. मोठ्याने वाचताना तसे करता येत नाही. ज्याचे वाक्य असेल त्याला तेवढ्यापुरता आपला आवाज द्यावा लागतो, मग तो धीट असो की घाबरलेला. आणि ऐकणारे माणूस मधेच काही विचारेल. ते पुस्तकात नसले, तरी थांबा आणि उत्तर शोधा.